पोटासाठी सहा महिने अ‍ॅक्युपंक्चर: काय सुधारलं, काय नाही

गणपती विसर्जनानंतर अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, सुरू केला आणि शिमग्यापर्यंत माझी 22 सिटिंग झाली. जेवल्यावर ज्यांना तडस लागते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

चार घास पोटात गेले की माझं पोट डब्ब व्हायचं. मग दोन-तीन तास मळमळ आणि करपट ढेकरा. वजन 5 किलोनं उतरलं, म्हणून एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्त सगळं तपासून घेतलं. काही निघालं नाही. फंक्शनल डिस्पेप्सिया असं निदान झालं, म्हणजे जठर दिसायला ठीक, पण त्याचं काम बिघडलेलं. वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा घास अडकत असेल, तर सुयांच्या आधी या तपासण्या कराच. याबाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही.

पहिल्यांदा जिथे गेले तिथला अनुभव वाईट होता. 20 सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले, हात न धुता सुया टोचल्या आणि पँटोप्राझोलची, म्हणजे आम्ल कमी करणारी, रोजची गोळी बंद करायला सांगितली. चौथ्या दिवशी छातीत अशी आग पडली की रात्र बसून काढली. ती गोळी बरेच महिने घेऊन एकदम सोडली की जठर काही काळ जास्तच आम्ल तयार करतं, हे मला नंतर माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. शिवाय तिथून एक चिनी औषधाची पुडी दिली होती, वर ना नाव ना घटक. ती मी टाकून दिली. काही चिनी औषधांत अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती असत. त्यांतल्या आम्लानं मूत्रपिंडं निकामी होतात, कर्करोगही होतो. 1990च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधांतून कित्येक बायकांचं असं नुकसान झालं होतं. लेबल नसलेलं काही पोटात घालू नका, देणारा कितीही गोड बोलो.

दुसऱ्या डॉक्टर मॅडम रत्नागिरीतच मिळाल्या. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मी आधी मागून पाहिलं आणि मॅडमना त्याचं वाईट वाटलं नाही. सुयांचं पाकीट त्या माझ्या डोळ्यांदेखत फोडतात आणि वापरलेल्या सुया लगेच डब्यात टाकतात. सुई केसासारखी बारीक, बारक्या नळीत असते. वरून बोटानं टिचकी मारली की आत जाते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे, तिला चिनी भाषेत झूसानली म्हणतात. तिथली सुई मॅडमनी हलकेच फिरवली की दुखत नाही, पण एक जडपणा थेट घोट्यापर्यंत उतरतो. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन कंडरांमध्ये (दोऱ्यांसारख्या हाताला लागतात त्या) एक, ती मळमळीसाठी. बेंबीच्या वर एक. मग 25 मिनिटं पडून राहायचं. तिसऱ्या सिटिंगला, खोलीत फक्त पंख्याचा आवाज असताना, माझ्या पोटात गुडगुड सुरू झाली. कित्येक महिन्यांनी पोट आपणहून हललं होतं. मला रडू आलं.

एकदा मनगटावर काळंनिळं पडलं, आठवड्यात गेलं. दुसरा काही त्रास नाही.

मॅडमनी सुयांइतकाच वेळ खाण्यावर घालवला. "काकू, सकाळी काय घेता?" चहा आणि बटर, वर फ्रीजमधलं दूध. "आणि तुमच्या सासूबाई काय घ्यायच्या?" पेज. उकड्या तांदळाची, गरम, मीठ घालून, बरोबर लोणच्याची फोड. चिनी वैद्यकात जठर आणि प्लीहा (आपल्या डॉक्टरांची प्लीहा वेगळी, ही पचनशक्तीची कल्पना) यांना ऊब लागते, म्हणून तिकडेही सकाळी भाताची पातळ पेज खातात. बांगड्याच्या तिखल्यात आपण घालतो ते तिरफळ आणि चिनी स्वयंपाकातलं, औषधातलं हुआजिआओ एकाच कुळातली भावंडं आहेत. पोट गार पडून कळ येते त्यावरच्या एका जुन्या चिनी काढ्यात हुआजिआओ सुंठीसोबत घालतात. हे ऐकल्यावर मला ती पद्धत परकी वाटेनाशी झाली. फ्रीजमधली सोलकढी मात्र बंद झाली. आता ताजी काढून, थंड न करता, अर्धी वाटी घेते.

फरक किती? जेवणानंतरचं डब्ब होणं माझ्या अंदाजानं तीन हिश्शांपैकी दोन हिस्से गेलं. मळमळ जवळजवळ नाही. वजन 3 किलो भरून आलं. आम्लपित्त मात्र तसंच आहे, गोळी आजही चालू आहे, फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी मात्रेत. बद्धकोष्ठालाही सुयांचा उपयोग झाला नाही.

यातलं किती सुयांचं आणि किती पेजेचं, हे मी छातीठोक सांगणार नाही. 2020 साली चीनमध्ये जेवणानंतर पोट गच्च होणाऱ्या 278 रुग्णांवर अभ्यास झाला. 4 आठवड्यांत 12 सिटिंग. खऱ्या सुया टोचलेल्यांपैकी 83 टक्क्यांना आराम पडला, पण नुसत्या दिखाव्याच्या सुयांनीही जवळजवळ 52 टक्क्यांना पडला. आयबीएसच्या, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी देणाऱ्या आतड्याच्या दुखण्याच्या, रुग्णांत मात्र 2012च्या एका मोठ्या आढाव्यात खऱ्या आणि खोट्या सुयांत फरक आढळला नव्हता. त्यामुळे ज्यांचं दुखणं आतड्याचं आहे त्यांनी माझ्या अनुभवावर जाऊ नये.

खर्च: एका सिटिंगचे 500 रुपये, गावातून एसटीनं जाणं-येणं वेगळं. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, मग कमी करत आता महिन्याला एकदा. मॅडमनी पॅकेज विकलं नाही, आणि सहाव्या सिटिंगनंतर स्वतःच विचारलं की फरक पडत नसेल तर थांबूया का. मी थांबले नाही.

आता आंब्याचे दिवस आहेत. पुढची सिटिंग मे अखेरीस, तोवर सकाळची पेज चालू आहे.