थांबायचं की चाल बदलायची?

रॉक गाणाऱ्याला आपलं वय आधी कळतं ते वरच्या सुरात. आमचा बँड हौशी, पण पन्नाशीनंतर माझंही तेच झालं. एका कोरसची शेवटची ओळ गळ्यातून निघेना, म्हणून मी तेवढ्यापुरता माइक श्रोत्यांकडे वळवायला लागलो. एकदा समोरून कोणीच गायलं नाही. त्या चार मात्रा मला अजून ऐकू येतात.

गाण्याची पट्टी खाली यावी म्हणून गिटारी अर्धा सूर खाली उतरवून पाहिल्या. या उपायाला मी पर्याय मानत नाही. दोन-तीन वर्षं निभतात आणि पुन्हा तीच ओळ आडवी येते. तारा सैल पडून रिफची, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठळक तुकड्याची, धार जाते, ते वेगळंच. म्हणजे खरे रस्ते दोनच, थांबायचं किंवा गाण्याचा ढंग बदलायचा, आणि मी दोन्ही चालून पाहिले.

निवृत्तीत एक रुबाब आहे, हे कबूल. ‘रश’ या रॉक बँडने २०१५ साली मोठे दौरे थांबवले, कारण त्यांचा ड्रमर नील पिअर्टचे हात आणि खांदे दुखत होते. त्यांचं थकलेलं वाजवणं आपल्याला ऐकावं लागलं नाही. ड्रमरपुढे तर बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो. २०२२ मध्ये ‘जेनेसिस’ बँडच्या शेवटच्या कार्यक्रमांत त्यांचा एकेकाळचा ड्रमर फिल कॉलिन्स खुर्चीवर बसून गात होता आणि ड्रम्सवर त्याचा मुलगा होता. गळा अर्धा उरला तरी गाता येतं, मनगटांचं तसं नसतं. तुम्ही ड्रमर असाल तर माझं पुढचं फार मनावर घेऊ नका.

पण निवृत्ती टिकते कुठे? ‘किस’ या बँडने २००० साली निरोपाचा दौरा काढला आणि खरा शेवट केला २०२३ च्या डिसेंबरात. ‘मॉटली क्रू’ बँडने तर पुन्हा दौरा न करण्याचा करार सह्यांनिशी जाहीर केला होता, तरी २०२२ मध्ये ते स्टेडियममध्ये हजर. मी हसायचो. मग स्वतः थांबलो आणि हसू गेलं.

कारण थांबलेल्या माणसाला कोणी थांबू देत नाही. लग्न असो, वाढदिवस असो, कोणीतरी गिटार हातात कोंबतंच. ‘अरे, एकच म्हण ना!’ आणि ते एकच म्हणजे नेमकं जुनं, जुन्या पट्टीतलं, सगळ्यात उंच जाणारं. ना रियाज, ना साउंडचेक, ना पाठीशी बँड. नाही म्हटलं तर शिष्ट ठरतो, हो म्हटलं तर फजिती. दीड वर्षात असं इतक्या वेळा झालं की, मला वाटायला लागलं, आपण गाणं सोडलेलं नाही, फक्त तयारी सोडलीय. ढंग बदलून पुन्हा गायचा माझा निर्णय या वैतागानेच केला.

ढंग बदलणाऱ्यांत माझा माणूस रॉबर्ट प्लांट, ‘लेड झेपलिन’ या रॉक बँडचा गायक. २००७ च्या डिसेंबरात लंडनला लेड झेपलिन एका रात्रीपुरते एकत्र आले आणि सगळं जग त्यांच्या दौऱ्याची वाट बघत बसलं. हा मात्र गायिका ॲलिसन क्राउससोबत हळू आवाजात, तिच्या सुराला सूर लावून गात राहिला. त्यांच्या अल्बमला २००९ मध्ये ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. न ओरडताही तो प्लांटच वाटतो. रॉकगायक डेव्हिड बोवीने २००४ नंतर दौरे सोडले, काम नाही सोडलं. शेवटच्या अल्बमला त्याने जॅझवाले वादक घेतले.

प्रत्येक बदल मला पटतो असं नाही. रॉकगायक रॉड स्टुअर्ट २००२ पासून जुनी अमेरिकन गाणी गायला लागला, खपही दणदणीत झाला, पण मला त्यात तो सुट्टीवर गेल्यासारखा वाटतो. आपापली आवड. शिवाय बदलात जुने श्रोते गळतात. आमचे निम्मे तरी गेले असतील, मोजले नाहीत. राहिलेले मात्र शांत बसून ऐकतात. ‘एकच म्हण’ अजूनही होतं, फक्त आता कोणतं ते मी ठरवतो.

अडचण आमच्या ड्रमरची. काठ्या ठेवून हळू वाजवायचे ब्रश घ्यायला तो अजून तयार नाही. त्याच्यासाठी दर कार्यक्रमात एक दणदणीत वाद्यगाणं ठेवलंय. त्या वेळी मी पाणी पिऊन घेतो.