सहा शनिवार, बाराशे रुपये

आमच्या हिनं मला न विचारता एका वर्गाला आमचं नाव घातलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात 'आमची मंडळी' म्हणजे बायको आणि आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. यावेळी दोन्ही मंडळी एक झाल्या आणि मी सापडलो.

कुटुंब आणि मैत्री या विषयावरचा वर्ग, पवित्र शास्त्राच्या म्हणजे बायबलच्या आधारानं. सहा शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, जोडप्याला १२०० रुपये, चहा-नाष्टा त्यातच. चालवणारं जोडपं निवृत्त. ते शाळामास्तर होते, त्या मिरजेला नर्स. त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून नावं लिहीत नाही. चार ख्रिस्ती घरांत विचारलंत तर पाचव्याच्या आत पत्ता लागेल. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. शनिवार म्हणजे माझा पगारवाटपाचा दिवस. पहिल्या वर्गाला सव्वासहाला पोचलो, तेही हाताला ऑइल घेऊन. कोणी काही बोललं नाही. मास्तरांनी फक्त शेजारची खुर्ची पुढं सरकवली.

आधी वाईट ते सांगून टाकतो. हॉलला वर पत्रा, पंखे दोन, त्यातला एक कुरकुरणारा. माइकची गरज नसताना माइक. आणि हातात दिलेली ३८ पानांची झेरॉक्स पुस्तिका, जी कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेली आहे हे पहिल्या पानावरच कळतं. 'आठवड्यातून एक संध्याकाळ पती-पत्नीने बाहेर भोजन करावे व केवळ परस्परांविषयी संभाषण करावे.' बरं, केलं. रंकाळ्यावर गेलो. भेळ हातात पडायच्या आत हिची मावसबहीण भेटली, मग माझा जुना फोरमन, मग फोरमनचे व्याही. घरी येईपर्यंत आमचं परस्परांविषयीचं संभाषण एवढंच झालं, 'गाडीची किल्ली तुझ्याकडं आहे न्हवं?'

दुसरी अडचण जास्त खरी आहे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. पावणेदोनशे वर्षांत इथला आमचा समाज एकमेकांत इतका गुंतलाय, की ज्याच्याबद्दल मन मोकळं करायचं त्याचा साडू मागच्या खुर्चीवर बसलेला असतो. वर्गाचा नियम होता, इथलं इथंच राहील. तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी उपासना संपली आणि चपला शोधताना मला माझीच गोष्ट ऐकू आली, थोडी मीठ-मसाला लावून. मी तक्रार केली. पुढच्या वर्गात बाईंनी ती सगळ्यांसमोर, माझं नाव न घेता काढली आणि म्हणाल्या, ज्यानं बोललं त्यानं त्या माणसाला एकट्याला गाठून सांगावं. आजपर्यंत कोणी आलेलं नाही. यासाठी मी अर्धा स्टार कापतोय.

पण दुसऱ्या शनिवारचा वर्ग पैसे वसूल होता.

बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं ते वचन, पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील. आमच्यात प्रत्येक लग्नात ते वाचतात आणि लग्न झाल्यावर नवरीला घेऊन सरळ आईबापांच्या घरी जातात. मास्तरांनी उपदेश केला नाही, तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. कपाटाची किल्ली कोणाकडं असते? पगार आधी कोणाच्या हातात पडतो? रविवारचं मटण कोणाच्या चवीचं होतं? पहिल्या दोन प्रश्नांना लोक घसा खाकरत राहिले. तिसऱ्याला एक बाई हसत हसत म्हणाल्या, 'अठरा वर्षं झाली, माझ्या हातचा पांढरा रस्सा अजून घरात झालेला नाही.' हसता हसता पदर डोळ्याला लावला. त्यांची सासू दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती म्हणाली, 'अगं, मग तू कधी म्हणालीस?' यावर सून काही बोलली नाही. हॉलमधल्या सगळ्या पुरुषांना एकदम पुस्तिकेत काहीतरी वाचायचं आठवलं.

मागं बसलेल्या एका नव्या नवरदेवानं लगेच निष्कर्ष काढला की वेगळं राहावं हे बरं. तेव्हा मास्तरांनी मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडला. आईबापांना द्यायचा पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथं चांगलंच सुनावलंय. मास्तर म्हणाले, 'आईच्या गोळ्या बंद करून वेगळं बिऱ्हाड मांडलं तर ते या वचनात बसत नाही. घरात राहूनही बायकोशी जडता येतं, पण त्यासाठी आईला नाही म्हणायला शिकावं लागतं. आणि ते नाही बायकोच्या तोंडून वदवून घ्यायचं नसतं.' हे शेवटचं वाक्य मी पुस्तिकेच्या मागं लिहून घेतलं. आईला काही नको असलं की मी हिलाच पुढं घालत आलोय, पंचवीस वर्षं.

तिसऱ्या वर्गाला बारा वर्षांवरच्या मुलांना बोलावलं होतं. इफिसकरांच्या पत्रात बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. पोरांनी आपल्याला कशानं चिरडीला येतं ते चिठ्ठीवर लिहायचं होतं, नाव न घालता. बाई एकेक चिठ्ठी वाचत होत्या. मार्क, मोबाइल, केस कापणं, सगळं अपेक्षेतलं. मग एक आली, 'पप्पा फोनवर लोकांशी हसून बोलतात, फोन ठेवला की हसू पण ठेवतात.' आम्ही अकरा बाप होतो. अकराही जण आपलंच पोरगं आहे असं समजून बसलो असणार. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, ती तिथं नव्हतीच, तरी मी समजलो.

चौथा शनिवार क्षमेचा. त्या दिवशी पाहुणे वक्ते होते आणि त्यांनी घोळ घातला. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी, म्हणजे ४९०, हा हिशेब सांगून झाल्यावर एका तरुण मुलीनं खालच्या आवाजात विचारलं, 'माझ्या एका मैत्रिणीचा नवरा मारतो. तिनं पण ४९० वेळा?' वक्ते म्हणाले, तिनं प्रार्थनेत राहावं, नवरा बदलेल. आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मला राग आला, पण मीही गप्पच बसलो, ते इथं कबूल करतो.

पुढच्या वेळी बाईंनी पहिली वीस मिनिटं यालाच दिली. मिरजेत असताना 'बाथरूममध्ये पडले' म्हणणाऱ्या किती बायकांना आपण टाके पडताना धरलंय, ते त्यांनी सांगितलं. घरातल्या मारहाणीविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि क्षमा करण्यासाठी मार खात त्याच खोलीत राहावं असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही. स्पष्ट, आवाज न चढवता. फक्त ती मुलगी त्या शनिवारी आली नव्हती. वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, वक्त्याचं चुकलं तर त्याच वेळी उठा, आठवडा थांबू नका.

मैत्रीला अख्खा अर्धा तास! फलकावर कुटुंब आणि मैत्री असं बरोबरीनं लिहायचं आणि मैत्री नाष्ट्याच्या आधी उरकायची, हे बरोबर नाही. जे सांगितलं ते चांगलं होतं. पौल आणि बर्णबा हे सुरुवातीच्या काळातले दोन प्रचारक, बरोबरच्या मार्कावरून भांडून वेगळे झाले, बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला, आणि पुढं म्हातारपणी तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. मध्ये काय घडलं ते शास्त्र सांगत नाही. मला तेच ऐकायचं होतं.

पुस्तिकेत मात्र एक ओळ होती, 'विश्वासी मित्रच जोडावेत.' विश्वासी म्हणजे ख्रिस्ती. मी हात वर केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यात पाणी. भावाशी बोलणं बंद होऊन तेव्हा वर्ष झालेलं, त्यामुळं तिकडं जायचा विषयच नव्हता. राजारामपुरीतला माझा वर्गमित्र कमरेएवढ्या पाण्यातून आईला न्यायला आला. दरवर्षी जोतिबाला जाणारा माणूस. नऊ दिवस आम्ही त्याच्या घरी राहिलो. संध्याकाळी आई प्रार्थनेला बसली की त्याची आई टीव्हीचा आवाज बारीक करायची आणि पोरांना म्हणायची, 'आजी देवाशी बोलाय लागलीय, गप बसा.' मी विचारलं, याला तुमच्या पुस्तिकेत कुठं घालायचा? मास्तरांनी ती ओळ पेनानं खोडली, सगळ्यांना खोडायला लावली आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट काढली, वाटेत जखमी पडलेल्याला आपले लोक टाळून गेले आणि परक्या शोमरोन्यानं उचललं ती. तेवढ्यात उप्पीट आलं.

पाचव्या वर्गाचा उरलेला वेळ मृत्युपत्राला होता. मला वाटलं होतं, हे काय नातेसंबंधात. मंडळीतलेच एक वकील आले होते. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांत सारखं, मुलगा असो की मुलगी, लग्न झालेली असो की नसो. मृत्युपत्र करायचं तर दोन साक्षीदार हवेत, नोंदणीची सक्ती नाही, पण ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला उभं करू नका, नाहीतर त्याचा तो हिस्सा बाद होतो.

मी पुस्तिकेच्या कोपऱ्यात आमच्या घराचा हिशेब मांडला. नऊ वाटे धरले तर आईचे तीन आणि आम्हा तिघा भावंडांचे दोन-दोन. वडील मृत्युपत्र न करताच गेले. शेवटची चार वर्षं त्यांचं सगळं मी केलं, म्हणून घर माझं, असं माझं म्हणणं. निम्मं माझं, असं धाकट्याचं. बहिणीचं नाव आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही, तिचं लग्न झालं होतं ना. सात वर्षं आम्ही भाऊ ज्या घरावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा आईचा होता. आणि आम्ही भांडत होतो तेव्हा ती आत भाकऱ्या थापत होती.

शेवटच्या आठवड्याचा गृहपाठ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८:१५ या वचनाचा. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडं एकट्यानं जायचं. फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही, बायकोला बरोबर न्यायचं नाही, जेवायच्या वेळी जायचं नाही. त्या वचनात समोरच्याचा अपराध त्याला दाखवायला जायचं आहे, पण बाई म्हणाल्या, आधी आपला हिशेब तपासून जा.

भाऊ कसबा बावड्यात राहतो. मंगळवारी मी बावड्यात शिरलो, टपरीवर चहा प्यालो आणि मागं फिरलो. गुरुवारी परत गेलो. दार त्यानंच उघडलं.

'दादा?' मग बराच वेळ काही नाही. मग, 'आई बरी हाय न्हवं?'

'बरी हाय. मी असाच आलोय.'

'मग ये की आत, दारात का हुबा राहिलास.'

चहा झाला. पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. त्यानं लेथचं विचारलं, मी कामगार मिळत नाहीत म्हणून सांगितलं. शेवटी उठताना मी खिशातून तो पुस्तिकेचा कोपरा काढला, फाडूनच नेला होता, आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्मा लावून वाचलं. 'मग आपण दोघं कशावरनं भांडत हुतो?' म्हणाला. हसला नाही. गेटपर्यंत सोडायला आला, कागद त्याच्याकडंच राहिला.

तर पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा चपलांच्या स्टँडसाठी, अर्धा पाहुण्या वक्त्यासाठी आणि अर्धा त्या अर्ध्या तासाच्या मैत्रीसाठी कापला. पुस्तिका मराठीत नव्यानं लिहून काढा, मास्तरांना मराठी छान येतं. जाणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसावं, चांगला पंखा तिकडं आहे. गाडी आत लावू नका, उपासनेच्या सरावाला येणारी पोरं मागं लावून जातात. उप्पीट उत्तम, चहा गोड.

बहिणीला फोन अजून केलेला नाही. ती आणि आमची ही दर रविवारी बोलतात, इतकी वर्षं, मला न सांगता. नंबर हिच्याकडून घेऊन ठेवलाय.