कम्युनिटी कॉलेजचा ऑनर्स प्रोग्रॅम: वापरानंतरचा अनुभव

मुलगी कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला, जाते असं सांगताना इथले मराठी आईबाबा पाठोपाठ ‘दोन वर्षांनी ट्रान्सफर घेणार आहे’ (म्हणजे चार वर्षांच्या विद्यापीठात जाणार आहे) हेही सांगून टाकतात. माझेही सांगतात. मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात इतिहास शिकते. पहिल्या वर्षापासून ऑनर्समध्ये, म्हणजे जास्त सखोल अभ्यासाच्या वर्गांच्या प्रोग्रॅममध्ये, आहे आणि ट्रान्सफरचे अर्ज नुकतेच गेलेत. मुलांना यात घालावं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी. राज्याचे रहिवासी असाल तर एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) 46 डॉलर फी आहे. माझ्या कॉलेजात ऑनर्सच्या कोर्सला त्यावर काही जादा लागत नाही. प्रवेशासाठी ठरावीक जीपीए (सरासरी गुण) आणि एक छोटा निबंध, बस.

फरक कळतो तो वर्गात. नेहमीच्या अमेरिकन इतिहासाच्या वर्गात चाळीसेक मुलं आणि बहुपर्यायी परीक्षा. ऑनर्सच्या वर्गात त्याच्या निम्मी मुलं, आणि दर आठवड्याला मूळ कागदपत्रं वाचून त्यांवर चर्चा. सेमिस्टरच्या पेपरसाठी मी गदर चळवळ घेतली. 1913 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभी राहिलेली ही भारताच्या स्वातंत्र्याची चळवळ मुख्यतः पंजाबी मजूर-शेतकऱ्यांची. पण सुरुवातीच्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. ते ऑरेगनात शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी मक्यावर काम केलं. माझ्या आजोबांना हे सगळं माहीत होतं, मला नाव ऐकूनही नव्हतं. प्राध्यापकांनी मला बर्कली विद्यापीठाच्या बॅनक्रॉफ्ट ग्रंथालयाची वाट दाखवली; तिथे उत्तर अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांविषयीचा स्वतंत्र संग्रह आहे. माझा पहिला मसुदा परत आला तेव्हा समासात जागोजागी एकच प्रश्न होता: हे कशावरून म्हणतेस? त्या एका पेपरात मी जितकं शिकले, तितकं अख्ख्या हायस्कूलमध्ये शिकले नव्हते. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, राज्याचं सरकारी विद्यापीठ) शिफारसपत्र लागत नाही, पण खासगी विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्यांसाठी लागतं. आपलं काम इतकं बारकाईने वाचलेले प्राध्यापक ते लिहितात, तेव्हा त्यात लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

आता सगळे ज्यासाठी येतात ते: यूसीएलएचा, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचा, ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम, इथल्या बोलीत टॅप. तुमचं कॉलेज त्यात असेल आणि ऑनर्स पूर्ण केल्याचं त्याने कळवलं, तर तिथल्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजच्या (कला आणि विज्ञान विषयांच्या विभागाच्या) प्रवेशात अर्जाचा प्राधान्याने विचार होतो. प्राधान्य मिळतं, हमी नाही. आणि आपल्याकडच्या घरांसाठी महत्त्वाचं म्हणजे इंजिनिअरिंगला याचा फायदा नाही. यूसीएलएत कॉम्प्युटर सायन्सही इंजिनिअरिंगमध्येच येतं. हमी हवी असेल तर टॅग, म्हणजे ‘ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी’, बघा. ती वेगळी योजना आहे, तिला ऑनर्स लागत नाही, पण ती यूसीच्या सहाच कॅम्पसना लागू आहे. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

तक्रारीही आहेत. मला हवा असलेला तत्त्वज्ञानाचा ऑनर्स वर्ग नोंदणी कमी झाली म्हणून सेमिस्टरच्या तोंडावर रद्द झाला. मग साध्या वर्गात बसून ‘ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट’ करावं लागलं, म्हणजे प्राध्यापकांशी लेखी ठरवून जादा काम. ट्रान्सक्रिप्टवर दोन्हींची नोंद सारखीच, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये वाद घालायला समोर कोणी नसतं. दुसरं, बहुतेक ऑनर्स वर्ग भरदिवसा असतात. माझ्याबरोबरची एक फार हुशार मुलगी हॉटेलातल्या शिफ्ट जुळेनात म्हणून बाहेर पडली. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठीच कम्युनिटी कॉलेज असतं ना? संध्याकाळचे ऑनर्स वर्ग हवेतच, हे मी विद्यार्थी प्रतिनिधींच्या बैठकीतही मांडलंय आणि मांडत राहणार आहे.

फाय थीटा कॅपाचं आमंत्रण आलं तर ते म्हणजे ऑनर्स प्रोग्रॅम समजू नका. ती 1918 पासूनची ऑनर सोसायटी, म्हणजे चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची संस्था, आहे. सभासद शुल्क भरावं लागतं आणि शिष्यवृत्त्यांसाठी उपयोग होतो.

इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांना जाणाऱ्यांनी ऑनर्स प्रोग्रॅम डोळे झाकून घ्यावा. इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी असिस्ट डॉट ऑर्गवर (कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स विद्यापीठात धरला जातो ते दाखवणारी साइट) आपल्या मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, कोर्स बसवावेत, जागा उरली तर एकदोन ऑनर्स वर्ग घ्यावेत. आणि नाव घालण्यापूर्वी काउन्सेलरला एवढं नक्की विचारा: गेल्या वर्षी वेळापत्रकात छापलेल्या ऑनर्स वर्गांपैकी प्रत्यक्षात चालले किती?