डबीवर तीस पट, प्रत्यक्षात दहा

मागच्या महिन्यात इंदूरच्या सराफ्यातून घडीचं भिंग आणलं, सोनार डोळ्याला लावतात तसलं. २२० रुपये. दुकानदारानं विचारलं, "आंटी, हीरा देखना है?" म्हटलं, "नहीं भैया, नींबू का पत्ता."

डबीवर ३० पट छापलंय, ती थाप आहे. तीस पटीचं असतं तर पान भिंगापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर धरावं लागलं असतं. याला अडीच सेंटिमीटर लागतात, म्हणजे दहा पट. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, एवढं कळतं हो. पण माझ्या कामाला दहा पुरले.

गच्चीतल्या कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं आकसत होती, वर चांदीसारख्या नागमोडी रेघा. दोन रविवार साबणाचं पाणी मारलं, उपयोग शून्य. भिंग डोळ्याला चिकटवून पान उजेडाकडे धरलं, तेव्हा कारण दिसलं. रेघ म्हणजे बोगदा! मधोमध विष्ठेची काळसर दोरी, आणि रुंद टोकाला चपटी, पिवळट-हिरवी अळी डोकं इकडून तिकडे फिरवतेय. वर पानाची पारदर्शक साल जशीच्या तशी. साबण तिच्यापर्यंत पोचणार कुठून? हीच ती नागअळी. जून पानाला ती शिवलेलीसुद्धा नव्हती.

पुढे ती पानाच्या कडेला येते, रेशमाने कड दुमडून घेते आणि आतच कोष करते. तसं दुमडलेलं एक पान बरणीत ठेवून वर मलमल बांधली. आठवड्याभराने सकाळी मलमलीवर पतंग! पंख मिटलेला दोन मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना कोंड्याचा कण वाटावा. भिंगातून मात्र रुपेरी पंख, तपकिरी रेघा, टोकाला एकेक काळा ठिपका, कडेला झालर. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून ठेवलेलं, म्हणजे पाहुणी नव्हे, इथलीच. अंड्यापासून पतंगापर्यंत उन्हाळ्यात दोन आठवडेही पुरतात. थंडीत महिना-दीड महिना.

भिंगाबद्दल आणखी तक्रार एकच: आठव्या दिवशी बिजागरीचा स्क्रू ढिला झाला. चष्म्याच्या पेचकसाने आवळला, अजून टिकलाय. पाचपैकी साडेतीन.

भिंग घ्यायला सराफ्यात जायचं तर संध्याकाळी आठच्या आत. नंतर दुकानाच्या त्याच ओट्यावर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते.