अँजिओग्राफी: मनगटातून की जांघेतून?

अँजिओग्राफी ठरली की घरात चर्चा होते ती खर्चाची आणि कुठल्या हॉस्पिटलची. नळी मनगटातून घालणार की जांघेतून, हे बऱ्याच जणांना टेबलावर गेल्यावरच कळतं. बडोद्यात दोन्ही पद्धतींनी काम होतं, तेव्हा आदल्या दिवशीच विचारून घ्या. शेवटचा शब्द अर्थात डॉक्टरांचा.

आत हृदयापाशी दोन्ही वाटा सारख्याच. आयोडीनचं डाय तेच, फिल्म तीच. ७० टक्के ब्लॉक जांघेतून पाहिला म्हणून ५० होत नाही. खरा फरक पडतो नळी काढल्यानंतर.

जांघेतली धमनी मोठी आणि खोल. शीथ, म्हणजे धमनीत बसवलेली आखूड नळी, काढली की १५-२० मिनिटं हाताने दाबून धरतात, वर घट्ट पट्टी, कुठे वाळूची पिशवी, आणि मग साधारण चार ते सहा तास पाय न मुडपता उताणं पडायचं. पाठ अवघडते, तेही चालून जातं. पंचाईत होते ती लघवीची. डाय किडनीवाटे निघून जावं म्हणून पाणी प्यायला लावतात, सलाईनही चालू असतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला आडवं पडून पॉटमध्ये लघवी होता होत नाही. नर्स पडदा ओढते, बेसिनचा नळ सोडून ठेवते; तो कुंथतो, नकळत गुडघा वर घेतो, आणि पट्टीखाली रक्त येतं. नाहीच झाली तर लघवीची नळी. मी मनगट निवडलं ते मुख्यतः याच एका कारणाने.

मनगटातली धमनी वरच असते, खाली हाड, त्यामुळे दाबायला सोपी. पारदर्शक पट्ट्यात १३-१५ मिली हवा भरतात आणि काही तासांत थोडी थोडी सोडतात. रुग्ण उठून बाथरूमला जातो. रक्तस्राव कमी होतो म्हणून २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही मनगटालाच झुकतं माप देतात. जांघेतलं रक्त कधी पोटामागे साठतं. बाहेर काही दिसत नाही, नुसती कंबर दुखते, घाम फुटतो, बीपी उतरतं.

मनगटाचंही सगळं सरळ नाही. धमनी बारीक असली, विशेषतः बायकांमध्ये, की ती आवळते आणि हात दुखतो. ती सैल पडावी म्हणून औषध सोडतात, तेव्हा कोपरापर्यंत आग होते. वाट फारच वळणाची निघाली तर जांघेवर यावं लागतं, म्हणून केस दोन्हीकडचे काढतात. काहींची ती धमनी नंतर बंद होते. हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनी शाबूत असल्यामुळे हाताला सहसा त्रास होत नाही. पण पुढे डायलिसिसची शक्यता असेल तर हे आधी सांगाच, फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरता हातातली धमनी आणि शीर जोडतात त्यासाठी, ती धमनी राखावी लागते. बायपास झालेल्यांना बहुधा डावं मनगट सोयीचं. गुंतागुंतीच्या अँजिओप्लास्टीला जाड शीथ लागली, तर जांघेला नाही म्हणू नये.

घरी आल्यावर जांघवाल्यांनी दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे उभे जिने आणि उकिडवं बसायचा संडास दोन-तीन दिवस टाळावा. मनगटवाल्यांनी स्कूटर आणि भरलेली बादली. जागा फुगली किंवा रक्त आलं तर बोटांनी जोरात दाबून धरा आणि दाबलेलं न सोडता हॉस्पिटल गाठा.