पाण्याचे निवेदन: आकडा, प्रसंग की इशारा?

टंचाईच्या दिवसांत मराठवाड्यातील गावागावांतून तहसील कार्यालयाकडे निवेदने जातात. ती लिहिणाऱ्यापुढे मन वळवण्याचे तीन मार्ग असतात: आकडा मांडणे, एखादा प्रसंग सांगणे किंवा इशारा देणे.

आकड्याचे बळ असे की, तो पडताळता येतो आणि म्हणूनच सहजी झटकता येत नाही. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. समजा, २,००० वस्तीच्या गावात दिवसाला ४०,००० लिटरच पोहोचत असेल, तर माणशी ३५ लिटरची तूट एका वाक्यात दाखवता येते आणि तिचे उत्तर देणे कार्यालयावर येते. मात्र आकडा टँकरच्या खेपांच्या नोंदीतून किंवा ग्रामसभेच्या ठरावातून घेतलेला हवा, कारण एक जरी चुकीचा निघाला तरी सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो.

प्रसंगाची ताकद वेगळी आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. हा आकडा आज फार थोड्यांना आठवेल, पाण्याची रेल्वे मात्र सर्वांच्या लक्षात आहे. तरीही एका घराची हकीकत अधिकाऱ्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता येते. शिवाय ‘भीषण’, ‘हाहाकार’ ही विशेषणे प्रसंगाला दुबळेच करतात; ‘पहाटे चारपासून हातपंपावर हंड्यांची रांग लागते’ एवढे पुरे.

‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील’ हे वाक्य तर इतके गुळगुळीत झाले आहे की, ते वाचून कोणी दचकत असेल असे वाटत नाही. तारीख आणि ठिकाण दिले, तरच इशाऱ्याला वजन येते. ‘आम्ही जगायचे कसे?’ हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो, कागदावर तो अनुत्तरितच राहतो.

म्हणून तहसीलदारांना लिहिताना आकडा आधी घ्यावा, प्रसंग एका वाक्यात आणावा आणि इशारा स्मरणपत्रासाठी राखून ठेवावा. गावात वाटायच्या पत्रकात प्रसंग पुढे यावा आणि ‘ग्रामस्थ’ऐवजी ‘आपण’ लिहावे. निवेदन कोणालाही असो, मागणी मोजता येईल अशीच हवी: ‘पाणीप्रश्न सोडवावा’ असे न लिहिता ‘टँकरच्या दोन खेपा वाढवाव्यात’ असे लिहावे.