मामानॅटली: पोटाला बांधायची बाळंतीण

बावीस वर्षं लेबर रूममध्ये गेल्यावर प्लास्टिकचं पोट आपल्याला काय शिकवणार, असं म्हणतच मी ट्रेनिंगला गेले. आमच्या वेळी शिकायला पेल्व्हिसचा तडा गेलेला सांगाडा आणि त्यातून ओढून काढायची कापडी बाहुली, एवढंच होतं.

मामानॅटली म्हणजे बाळंतपण शिकवायचं हे प्लास्टिकचं पोट, नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीचं. ही टेबलावर मांडायची नसते. शिकवणारी बाई ती पट्ट्यांनी स्वतःच्या पोटाला बांधते आणि बाळंतीण होऊन झोपते. आत बाळ, नाळ, वार आणि लाल पाण्याची टाकी. रक्त किती सोडायचं, गर्भपिशवी ढिली ठेवायची की कडक, सगळं तिच्या हातात.

बाळ वेगळं, त्याचं नाव निओनॅटली. त्यात दोन लिटर कोमट पाणी भरतात. उचललं की आपला हात आपसूक मानेखाली जातो. त्याला रडवायला रबरी फुगा दाबावा लागतो. पोट बांधून झोपलेल्या मॅडमनी तो दाबलाच नाही. बाळ रडत नाही म्हणजे पहिल्या मिनिटाच्या आत अ‍ॅम्बूने, म्हणजे तोंडावर मास्क धरून दाबायच्या पिशवीने, श्वास सुरू व्हायला हवा. मी आपली पुसतेय, पुसतेय. तिकडे लाल पाणी चादरीवरून खाली ठिबकायला लागलं आणि रक्तस्राव रोखायला मिनिटभरात द्यायचं 10 युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच. बावीस वर्षं!

मॅडम उठून बसल्या. वाटलं, आता इंजेक्शनवरून बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "मी तीनदा पाणी मागितलं. कुणी ऐकलं का?"

दुपारी पोट माझ्या कमरेला आलं. आडवी झाले तर वर चार मास्क आणि आठही डोळे खाली. एकीने न सांगता पोट चोळायला घेतलं. दाब प्लास्टिकवर होता, तरी मी दचकले.

तक्रार आहे ती ट्रेनिंग भरवणाऱ्यांबद्दल. तीस जणींत एक संच, वाट्याला एकेक फेरी, बाकीच्या मोबाइलवर शूटिंग करत उभ्या. असं एकदाच शिकलेलं महिन्याभरात हातातून जातं. घ्यायचाच तर संच वॉर्डात ठेवा आणि आठवड्याला दहा मिनिटं काढा. मात्र पोट बांधणारी बाई कसलेली हवी, नाहीतर ती नुसती प्लास्टिकची पिशवी. आणि जुनी चादर अंथरा. माझा एक पांढरा कोट कायमचा गुलाबी झालाय.

परतल्यावर आम्ही आठवडाभरासाठी संच मागून आणला. पोट बांधायला आमच्या लेबर रूमच्या मावशी हौसेने पुढे आल्या. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं त्यांना तोंडपाठ. नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग "पाणी दे गं" म्हणून ओरडल्या, तर नवी सिस्टर खरंच पेला घेऊन आली. मावशींनी तो घटाघट संपवला, तोंड पुसलं आणि पुन्हा कळा द्यायला लागल्या.